बालगृहातील मूल आणि त्याची गोष्ट

(बालगृहांतील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालगृहात येणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद होते. नाव, अंदाजे वय, सापडल्याचे ठिकाण, प्रकृती, समितीचा आदेश. ही नोंद आवश्यकच आहे. तथापि ती इतरांनी त्या मुलाविषयी केलेली असते. ‘मी कोण, कुठला, कोणाचा?’ हा प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो आणि त्याचे उत्तर फाइलीत मावत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने आठव्या कलमात स्वतःची ओळख जपण्याचा बालकाचा हक्क मान्य केला. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. अन्न, वस्त्र, निवारा यांच्याइतकेच या हक्काचेही मोल आहे.

थेट विचारले की मूल बहुधा गप्प होते. गोष्टीत मात्र ते दुसऱ्या पात्राच्या आडून बोलू शकते. पोलंडमधील वॉर्सा शहरातील बंदिस्त ज्यू वस्तीत, डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातील मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ सादर केले. त्यातील अमल हा दत्तक मुलगा. आजारामुळे घरात कोंडलेला, खिडकीतून जगाशी बोलणारा. स्वतः भिंतींआड कोंडलेल्या मुलांनी त्याला रंगमंचावर उभे केले. पुढच्याच महिन्यात नाझींनी कोर्चाक आणि त्या मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले.

महाराष्ट्रात तर अशी साधने घरचीच आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतील एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात. त्याच धर्तीवर मुलाला स्वतःची पोथी करता येईल. एका पानावर आठवणीतले घर, दुसऱ्यावर आवडते माणूस, तिसऱ्यावर उद्याचा दिवस. परप्रांतातील मुलाने आपल्या बोलीत गोष्ट सांगितली, तर ती तशीच लिहून घ्यावी.

काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. चित्राचा अर्थ लावण्याची घाई नको. आभाळ काळे असण्याचे कारण दुःख असेल, तसेच निळा खडू संपला, एवढेही असेल. ‘बाबा कुठे आहेत?’ असे न विचारता ‘या घरात दिवा कोण लावते?’ असे विचारावे. ठाऊक नसलेल्या आईविषयी गोड कहाणी रचून देऊ नये. ते पान कोरे ठेवावे. खरे कळेल तेव्हा ते भरता येईल. चित्रातून छळाची शंका आली, तर ती समुपदेशकाच्या आणि बालकल्याण समितीच्या कानावर घालणे हे कर्तव्यच होय.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. पाहुण्यांपुढे मुलाला स्वतःची कहाणी सांगण्यास उभे करणे हेही या कायद्याच्या भावनेविरुद्धच आहे. पोथी मुलाची, ती उघडावी की मिटून ठेवावी, हे त्यानेच ठरवावे. अठराव्या वर्षी संस्था सोडताना फाइल कार्यालयात राहील. पोथी मात्र त्याच्या पिशवीत गेली पाहिजे.