जुनी वही, नवा रकाना

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कोणत्याही जुन्या शाळेच्या कार्यालयातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे प्रवेश नोंदवही. अनुक्रमांक, नाव, पालकांचे नाव, जन्मतारीख, मागील शाळा असे तिचे रकाने एकदा आखले गेले की पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहतात. चाळीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी दाखल्यासाठी येतो, तेव्हा ती नोंद करणारे लिपिक केव्हाच निवृत्त झालेले असतात. तरीही नवे लिपिक पान उघडतात आणि नेमक्या रकान्यातून जन्मतारीख उतरवून देतात. आता नव्या काळाच्या गरजेने कोणी या वहीत मधेच एक नवा रकाना घातला, तर ‘चौथा रकाना जन्मतारखेचा’ एवढेच ठाऊक असलेल्याची फसगत होणार. माणूस निदान थबकेल आणि विचारील. संगणकातील प्रोग्राम मात्र थबकत नाही. चौथ्या रकान्यात जे असेल त्यालाच तो जन्मतारीख समजतो आणि पुढे जातो.

संगणकात या लिपिकाचे काम कर्नल करतो. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. डिस्कवरील फाइलला कोणत्याही प्रोग्रामला थेट हात लावता येत नाही. कर्नलकडे ठरावीक शब्दांत मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. फाइल उघडण्यासाठी ‘ओपन’, वाचण्यासाठी ‘रीड’, फाइलची माहिती विचारण्यासाठी ‘स्टॅट’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली, तिच्यातून हे शब्द रूढ झाले. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला तो हीच शब्दावली स्वीकारून. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी आणि इंटरनेटच्या बहुसंख्य सर्व्हरांत लिनक्सचा कर्नल काम करतो.

या कर्नलचा एक नियम त्याच्या कर्त्यांनी प्राणपणाने जपला आहे. आतली रचना हवी तशी बदलावी, पण काल चालत असलेला प्रोग्राम कर्नल बदलल्यामुळे आज बंद पडता कामा नये. या नियमामागे मोठा व्यवहार आहे. कारखान्यातील एखादे यंत्र चालवणारा प्रोग्राम ज्याने लिहिला, तो आज कोठे आहे हे कोणाला ठाऊक नसते. कधी ती कंपनी बुडालेली असते, कधी मूळ संहिताच हरवलेली असते. उरतो तो यंत्रभाषेत रूपांतरित झालेला प्रोग्राम. त्याला समजावता येत नाही आणि सुधारताही येत नाही. त्याच्याशी केलेला करार पाळणे एवढेच हाती असते.

परंतु करार पाळायचा म्हणून जग थांबत नाही. ‘स्टॅट’चेच उदाहरण घ्यावे. प्रोग्राम फाइलचे नाव देतो आणि कर्नल त्याच्यापुढे एक भरलेला तक्ता ठेवतो: मालक कोण, आकार किती, शेवटचा बदल केव्हा. या तक्त्यातील प्रत्येक रकान्याची जागा प्रोग्रामच्या हाडीमांशी भिनलेली असते. रकाना मधे घातला तर पुढचे सारे सरकते. तक्ता शेवटी वाढवला तरी धोका टळत नाही, कारण जुन्या प्रोग्रामने जुन्या तक्त्यापुरतीच जागा मोकळी ठेवलेली असते. कर्नलने त्याहून मोठा तक्ता लिहिला, तर शेजारची माहिती पुसली जाते.

एकेकाळी ३२ बिटांच्या संगणकांवर आकाराचा हा रकाना ३२ बिटांचा होता. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७, म्हणजे सुमारे दोन गिगाबाइट. ज्या काळी पूर्ण डिस्कही एवढी नसे, त्या काळी ही मर्यादा आकाशाएवढी वाटली असेल. पुढे चित्रफितींनी आणि माहितीसाठ्यांनी ती सहज ओलांडली. त्यावर लिनक्सच्या २.४ या आवृत्तीने २००१ साली ‘स्टॅट६४’ हा नवा कॉल दिला आणि जुना होता तेथेच ठेवला. त्याच्याही आधी एकदा तक्ता बदललेला असल्यामुळे त्या संगणकांवर आता एकाच कामाचे तीन दरवाजे शेजारी शेजारी उभे राहिले.

मग जुन्या दरवाजाने आलेल्या प्रोग्रामने तीन गिगाबाइटच्या फाइलचा आकार विचारला, तर काय करावे? संख्येचे टोक छाटून मावेल तेवढे लिहावे, हा सोपा मार्ग होता. कर्नल तसे करत नाही. ‘हे उत्तर तुमच्या रकान्यात मावत नाही’ अशा अर्थाची स्पष्ट त्रुटी तो परत करतो. प्रोग्रामचे काम अडते, पण तो खोट्या आकारावर विसंबून पुढची फाइल बिघडवत नाही. जुन्याला सांभाळणे म्हणजे त्याला गोड वाटेल ते सांगणे नव्हे.

याच्या उलट चूक ‘ओपन’मध्ये घडली. फाइल कशी उघडावी हे सांगण्यासाठी प्रोग्राम काही खुणा पाठवतो. ओळखीची नसलेली खूण आली तर ‘ओपन’ ती मुकाट्याने दुर्लक्षित करी. हे वरवर औदार्य वाटते. पण त्यामुळे नवी खूण घालणे अवघड होऊन बसले. नव्या प्रोग्रामने ती वापरली आणि कर्नल जुना निघाला, तर मागणी मान्य झाल्यासारखी भासे, प्रत्यक्षात झालेली नसे. आणि अनोळखी खुणा आता नाकाराव्यात म्हटले, तर इतकी वर्षे नकळत निरर्थक खुणा पाठवत आलेले जुने प्रोग्राम बंद पडतील. एकदा दाखवलेली ढिलाई हीच कराराचे कलम होऊन बसली.

त्यातूनही वाट काढली गेली. २०१३ साली निनावी तात्पुरती फाइल तयार करण्याची सोय आली, तेव्हा तिची खूण अशी बेतली की तिच्यातच ‘हे फोल्डर आहे’ असे सांगणारी जुनी खूण अंतर्भूत होती. जुन्या कर्नलला नवा भाग कळत नसला, तरी फोल्डर लिहिण्यासाठी उघडण्याची मागणी त्याला कळते, आणि ती तो नियमाने नाकारतोच. नव्या प्रोग्रामला आपोआप प्रामाणिक नकार मिळतो.

पण अशा युक्त्या दर वेळी सुचत नाहीत. म्हणून २०२० साली लिनक्स ५.६ मध्ये अलेक्सा सराय यांनी रचलेला ‘ओपनॅट२’ हा कॉल आला. तो अनोळखी खूण सरळ नाकारतो. शिवाय प्रोग्राम आपल्या मागणीपत्रासोबत त्या पत्राची लांबीही कळवतो. पत्र आखूड असेल, तर ते जुन्या प्रोग्रामचे आहे हे ओळखून कर्नल उरलेले रकाने शून्य धरतो. पत्र लांब असेल आणि जास्तीच्या रकान्यांत शून्यच असेल, तर जुना कर्नलही ते स्वीकारतो. तेथे काही लिहिलेले असेल, तर ‘हे समजण्यापलीकडचे आहे’ म्हणून परत करतो. नवा आणि जुना, कोणीही कोणापुढे आला तरी गैरसमज होत नाही.

‘स्टॅट’च्या वारसाचीही हीच कथा. डेव्हिड हॉवेल्स यांनी त्याचा पहिला आराखडा २०१० साली मांडला; चर्चा आणि फेररचना होत ‘स्टॅटएक्स’ लिनक्स ४.११ मध्ये २०१७ साली दाखल झाला. यात प्रोग्राम ‘काय काय हवे’ याची यादी देतो आणि कर्नल उत्तरासोबत ‘काय काय भरले आहे’ याची यादी परत देतो. त्यामुळे रिकामा रकाना आणि शून्य असे खरे उत्तर यांतील फरक कळतो. फाइलची जन्मवेळ सांगणारा रकानाही यात आला. जुन्या ‘स्टॅट’मध्ये तो नव्हता. हा तक्ता २५६ बाइटांचा असून त्याच्या शेवटी मुद्दाम कोरी जागा राखली आहे. पुढे २०२० आणि २०२२ साली आलेले नवे रकाने त्याच कोऱ्या जागेत बसले आणि एकाही जुन्या प्रोग्रामला त्याची झळ लागली नाही.

मराठी माणसाला या शहाणपणाचा लाभ रोज मिळतो, जरी तो जाणवत नसला. फाइलच्या नावात कोणती लिपी असावी याची चौकशी हा कर्नल मुळात करत नाही. तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढी दोन चिन्हे वर्ज्य. बाकी सारे बाइट त्याला सारखे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत अशी आखली की इंग्रजीतर अक्षराच्या बाइटांत ही दोन चिन्हे कधीच येऊ नयेत. त्यामुळे देवनागरीतील नाव ‘ओपन’च्या जुन्याच दरवाजातून, काही न बदलता, आत गेले. जुनी मर्यादा मात्र सोबत आली. बहुतेक लिनक्स फाइल-व्यवस्थांत नाव २५५ बाइटांचे असू शकते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून काने, मात्रा, वेलांट्या धरून ८५ चिन्हांवर नाव संपते.

आता खरी कसोटी समोर आहे. युनिक्स परंपरेत काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि ३२ बिटांच्या संगणकांवर तो आकडाही ३२ बिटांच्या रकान्यात बसवला गेला. मर्यादा तीच, २,१४,७४,८३,६४७. भारतीय वेळेनुसार मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल आणि पुढच्या सेकंदाला असे घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. लिनक्स कर्नलने ३२ बिटांच्या संगणकांसाठी ६४ बिटांच्या वेळेचे नवे कॉल २०१९ साली आणले. अर्न्ड बर्गमन यांनी नेटाने पुढे नेलेले हे काम २०२० च्या ५.६ आवृत्तीत पूर्णत्वास आले. जुने कॉल अर्थात जागेवरच आहेत.

पण नवा दरवाजा उघडला म्हणून जुना प्रोग्राम त्यातून जात नाही. त्याला नव्याने घडवावे लागते. स्वयंसेवकांनी चालवलेल्या डेबियन या लिनक्स वितरणाने २०२५ च्या आवृत्तीत ३२ बिटांच्या इतर संगणकांसाठी ६४ बिटांची वेळ स्वीकारली, मात्र जुन्या इंटेल पद्धतीच्या ३२ बिटांच्या शाखेला वगळले. ती शाखा आता मुख्यतः जुने, तयार प्रोग्राम चालवण्यासाठीच उरली आहे. वेळेचा रकाना रुंदावला असता तर नेमके तेच प्रोग्राम बंद पडले असते. जुन्याला दिलेला शब्द आणि उद्याची गरज यांत येथे एकाची निवड करावी लागली. त्या शाखेच्या आधाराने चालणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या मालकाला २०३८ पूर्वी आपला निर्णय घ्यावाच लागेल.

शब्द पाळणे म्हणजे अडगळ कायम साठवणे असेही नाही. लिनक्सच्या जन्मापासूनचा ‘ए.आउट’ हा प्रोग्रामांचा साचा २०२२ साली कर्नलमधून काढण्यात आला. तो वापरणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. करार माणसांशी होता, संहितेशी नव्हे.

आज पहिलीच्या वर्गात बसलेली मुले २०३८ साली महाविद्यालयात असतील. त्या मंगळवारी त्यांची घड्याळे, वाहने आणि दवाखान्यातील यंत्रे बिनबोभाट चालली, तर त्यामागे कोणाचे श्रम होते हे त्यांना कळणारही नाही. लिपिकाचे चोख काम असेच असते. माजी विद्यार्थी येतो, वही उघडते, जन्मतारीख जागच्या जागी सापडते आणि दाखला हातात पडतो. रकाने आखणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही, आणि होण्याची गरजही पडत नाही.