अँपिअरचा काटा

(वसंत व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



काल याच जागी तुम्ही ज्ञानेश्वरीवर दीड तास ऐकलंत. उद्या नाट्यसंगीत आहे. मध्ये सापडलोय मी, आणि पत्रिकेत छापलंय, ‘दुचाकीची बॅटरी : निगा आणि बदल’. (हशा) हसा. चौकातल्या फळ्यावर विषय लिहिलाय, त्याखाली कुणीतरी खडूनं ‘श्रोत्यांनी किक मारून यावे’ असं लिहून ठेवलंय. (हशा) अक्षर माझ्या ओळखीचं आहे. तेवीस वर्षं आयटीआयमध्ये जर्नलं तपासलीत मी. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं शिशाची बॅटरी करून सोळा वर्षं झाली होती. तेव्हा विषय हलका आहे असं कुणी म्हणू नये. जुना आहे, घरंदाज आहे.

बॅटरीच्या आत काय असतं ते तुम्ही शाळेत शिकलात, मी पुन्हा सांगत बसत नाही. सहा घरं, शिशाच्या पट्ट्या, पातळ अ‍ॅसिड. प्रत्येक घर दोन व्होल्टच्या जरासं वर, म्हणून बारा व्होल्टची म्हणायची आणि भरलेली असली की बारा पूर्णांक सहा-सात भरायची. एवढं पुरे. मला बोलायचंय ते काट्याबद्दल.

जुनी बुलेट ज्यांनी चालवलीय त्यांनी हात वर करा. आठ... नऊ. बरं. हेडलाइटच्या वर, स्पीडोमीटरच्या शेजारी एक छोटा गोल काटा असायचा. अँपिअरचा काटा. एका बाजूला अधिक, एका बाजूला उणे. माझे सासरे ती गाडी सुरू करायचे तो एक विधी असायचा. चावी फिरवायची, काटा उण्याकडे कलायचा. मग किक हळूहळू दाबत न्यायची, काटा मधोमध आला की थांबायचं. म्हणजे आत पॉइंट उघडले, पिस्टन जागेवर आला. मग डिकॉम्प्रेशनचा खटका ओढायचा, किक किंचित पुढे सरकवायची, खटका सोडायचा आणि मग खरी किक. काटा न बघता कुणी पाय मारला तर किक उलटी यायची आणि घोटा सुजायचा. आमच्या मेव्हण्याचा दोनदा सुजला. (हशा) गाडी चालू झाली की सासरे पुन्हा काट्याकडे बघायचे. अधिककडे सरकला का? सरकला. मगच गिअर. बॅटरीत भर पडतेय की उपसा चाललाय, हे त्या माणसाला रोज सकाळी कळत होतं.

आज तुमच्या गाडीत ब्लूटूथ आहे. कुणाचा फोन आला ते टाकीपुढच्या पडद्यावर दिसतं. बॅटरीचा काटा बहुतेक गाड्यांत नाही. पेट्रोल किती आहे ते समजतं, वीज किती आहे ते सेल्फ दाबून ‘टिक टिक टिक’ झालं की समजतं. तोवर उशीर झालेला असतो. काटा काढून घेतला, आणि किकही काढून घेतली. चेतकची ठिणगी मॅग्नेटो द्यायचा, बॅटरी असो नसो, गाडी घरी यायची...

काय? चिठ्ठी आलीय. ‘सर, एफआय गाडीत किक असून काय उपयोग? पंपालाच वीज लागते.’ बरोबर आहे. पेट्रोलचा पंप, तो छोटा संगणक, सगळ्याला वीज लागते. बॅटरी पार झोपली असेल तर बऱ्याचशा गाड्या किकनंही उठणार नाहीत. मान्य. पण अर्धवट झोपलेली असेल तर? सेल्फपुरता जोर नाही, पण पंपापुरता आहे, असं वारंवार होतं. तेव्हा किक कामाला येते. मी जुन्याचा भक्त नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं नाव घातलेलं नाही, पण मला सगळ्यांचं अक्षर येतं हे मघाशी सांगितलंय. (हशा)

तर, काटा नाही म्हणून काय करायचं? स्वतःचा घ्यायचा. हा बघा मल्टिमीटर. पिवळा, साधा. मागे दिसतोय का? एका चांगल्या जेवणाच्या बिलात येतो. माझं एकच म्हणणं आहे, आणि मंडळी ते माझ्या घरच्यांनी इतक्यांदा ऐकलंय की ते आज आलेले नाहीत : मोजल्याशिवाय बॅटरी बदलायची नाही.

हे मी का म्हणतो ते सांगतो. थोडक्यात सांगतो.

कोकणात बदली होती तेव्हा मी दीडशे सीसीची एक गाडी घेतली. तिकडची खारी हवा तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षांत चेसीला गंज धरला. इकडे परत आल्यावर पुतण्याचं लग्न निघालं, म्हणून मी गाडी सगळी खोलून चेसी रंगवून घेतली. झकास काळा रंग. लग्नात नवरदेवापेक्षा गाडीचे फोटो जास्त निघाले. महिन्याभरात सेल्फ कुरकुरायला लागला. दुकानात गेलो. तो म्हणाला, बॅटरी गेली. नवी टाकली. चार महिने बरे गेले, पुन्हा टिक टिक. दुसरं दुकान. तो म्हणाला, आजकाल माल असाच येतो. पुन्हा नवी. मला ते पटलं, कारण ‘पूर्वीचा माल राहिला नाही’ हे वाक्य माझ्या वयाच्या माणसाला लगेच पटतं. चौदा महिन्यांत तीन बॅटऱ्या झाल्या, मंडळी. वर्गात मुलांना मीटर धरायला शिकवणारा माणूस मी. माझा मीटर कपाटात होता, त्याची नऊ व्होल्टची बॅटरी संपली होती, ती मी आणली नव्हती.

चौथ्यांदा गाडी ढकलत निघालो होतो. वाटेत माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं वायरिंगचं दुकान लागतं. तो ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसले, मीटर आणला. बॅटरीवर धरला. बारा पाच. म्हणाला, दाबा सेल्फ. दाबला. टिक टिक. आकडा जेमतेम हलला. आता इथं नीट ऐका, हे महत्त्वाचं आहे. बॅटरी खराब असती तर सेल्फ दाबताच आकडा सात-आठवर कोसळला असता. कोसळला नाही, म्हणजे बॅटरीतून वीज निघतच नव्हती. कुठंतरी वाट अडली होती. मग त्यानं मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्या टर्मिनलला आणि दुसरं थेट इंजिनच्या अंगाला लावलं. पुन्हा दाबा म्हणाला. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. आले पाच व्होल्ट. अर्थची वायर चेसीवर ज्या बोल्टनं लावतात, त्याच्याखाली माझा झकास काळा रंग होता. अर्थ रंगावर बसली होती. सेल्फला वीज पुरेशी जात नव्हती, आणि गाडी चालू असताना बॅटरीत भरणाही पुरता येत नव्हता. नव्या बॅटऱ्या खरंच मरत होत्या, पण मारत होतो मी. त्यानं पॉलिश पेपरनं बोल्टाखाली नाण्याएवढी जागा घासली, बोल्ट आवळला, सेल्फ दाबला.

हा मुलगा माझ्याकडून कधी पैसे घेत नसे. त्या दिवशी पन्नास रुपये घेतले. (हशा)

किती वाजले? आठ पंचवीस? अध्यक्षबाई घड्याळाकडे बघतायत म्हणजे खरंच झाले असतील. मला वाटलं, आत्ताच सुरुवात केली. बरं, निगा. आकडे सांगतो, लिहून घ्या. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा आकडा बारा सहा किंवा वर हवा. बारा चार म्हणजे पाऊण भरलेली, बाराच्या आसपास म्हणजे उपाशी. सेल्फ दाबताना दहाच्या खाली फार जाऊ नये. इंजिन जरा रेस करून धरलं की साडेतेरा ते साडेचौदा. तेराच्याही खाली राहिला तर भरणा होत नाही, पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरी उकळवून मारेल. दोन्ही वेळेस नवी बॅटरी टाकून उपयोग नाही, आधी दोष काढा.

उपाशी ठेवली तर काय होतं? बॅटरी उतरली की पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट धरतं. लगेच भरली तर ते विरघळतं. तशीच ठेवली तर विसरलेल्या पाकात साखरेचे खडे धरतात तसं होतं, आणि ते खडे मग सुटत नाहीत. आपल्यातले बरेच जण मुलाकडे सहा महिने अमेरिकेला जातात, गाडी पार्किंगमध्ये. परत आल्यावर बॅटरीला शिव्या. जाताना उणं टर्मिनल सोडून जा, नाहीतर शेजाऱ्याला महिन्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणायला सांगा. मंडईपर्यंत अर्धा किलोमीटर आणि तीनदा सेल्फ, याला फिरवणं म्हणत नाहीत. घेतलेलं तेवढ्यात परत भरत नाही.

आणि थंडीत बॅटऱ्या जातात म्हणतात ते अर्धंच खरं. मारतो हा मे महिना, उन्हात उभी केलेली गाडी. डिसेंबरात फक्त समजतं.

पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी, वरच्या रेघेपर्यंत. अ‍ॅसिड उडत नाही, पाणी उडतं, म्हणून अ‍ॅसिड कधीच घालू नका. नाही, आरओचं चालत नाही. नाही काकू, एसीच्या नळीचंही नाही. (हशा) टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर झाकणं घट्ट लावून कोमट पाण्यात खायचा सोडा, मग कोरडं करून व्हॅसलिन. घरी चार्ज करायची तर बॅटरीवर लिहिलेल्या आकड्याच्या दहाव्या भागानं. पाच अँपिअर-अवरची असेल तर अर्धा अँपिअर, सावकाश. जीपच्या चार्जरला लावून तासाभरात आणून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

बदल. दोन मिनिटांत. तेवढ्याच अँपिअर-अवरची, टर्मिनल त्याच बाजूला. दुकानातच मोजा, बारा पाचच्या खाली असेल तर दुसरी मागा, ती फळीवर फार दिवस बसलीय. काढताना उणं आधी, लावताना अधिक आधी. उलट केलंत आणि पाना चेसीला टेकला की ठिणगी उडते. अ‍ॅसिड घालून तयार करायची असेल तर आधी चार्ज, मग गाडीवर, आणि वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं टोक चेनवर सोडू नका. जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या. २००१ पासून तसे नियम आहेत, २०२२ ला नवे आले. भंगारवाल्याकडे गेली की कुणाच्या तरी परसात शिसं वितळतं, आणि तो धूर आधी तिथल्या पोरांच्या डोक्यात जातो. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. बाई, पुढच्या वर्षी? बरं, नाही.

संपवतो. प्रश्न आता घेत नाही, मंडप आवरायचाय. मीटर माझ्याकडे आहे, त्यात नवी बॅटरी टाकलीय. ज्यांना मोजून हवंय त्यांनी गाड्या बाहेर लिंबाखाली ओळीनं लावाव्यात. आत्ता चालवत आला असाल तर आकडा फुगलेला दिसेल, म्हणून खरं तर सकाळी सातला या. आणि येताना दहा नंबरचा पाना आणा. माझा गेल्या वर्षी इथूनच कुणीतरी नेला, तो अजून आलेला नाही.