उंटांचा शेवट आणि यंत्राचा हिशेब

बुद्धिबळाच्या डावात कोणाचे पारडे जड आहे हे ठरविण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे मोहरी मोजणे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हीच रीत पायाभूत मानली होती. वजिराचे नऊ, हत्तीचे पाच, उंट व घोडा यांचे प्रत्येकी तीन आणि प्याद्याचा एक असे गुण धरावयाचे, त्यांत राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना इत्यादींची भर घालावयाची आणि जी खेळी अखेरीस अधिक गुण देईल ती निवडावयाची. या मार्गाने यंत्रे इतकी पुढे गेली की, १९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हचा सामन्यात पराभव केला. तथापि उंटांच्या काही शेवटांत हा हिशेब फार काळ चुकत आला. ही चूक मोठी उद्बोधक आहे.

प्रथम अगदी साधी स्थिती घ्यावी. पांढऱ्याजवळ राजा, काळ्या घरांतून फिरणारा उंट आणि पटाच्या डाव्या कडेचे एक प्यादे आहे. काळ्याजवळ एकटा राजा आहे. मोजणी केली तर पांढऱ्याची आघाडी चार गुणांची. एरवी एवढ्यावर डाव सहज जिंकता येतो. परंतु हे प्यादे ज्या कोपऱ्याच्या घरात वजीर व्हावयाचे, ते घर पांढरे आहे. काळ्या घरांतला उंट त्या घरावर कधीच मारा करू शकत नाही. काळा राजा एकदा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तेथून हुसकावता येत नाही. फार जवळ जाऊन त्याची वाट अडविली तर त्याला शह नसताना हलावयास घरच उरत नाही, आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटतो. त्याच कडेला एकामागे एक आणखी दोन प्यादी उभी केली तरी निकाल बदलत नाही. गुण मात्र चाराचे सहा होतात.

दुसरा प्रकार विरुद्ध रंगांच्या उंटांचा. एका पक्षाचा उंट पांढऱ्या घरांत फिरतो, दुसऱ्याचा काळ्या. हे दोन उंट जन्मभर एकाच पटावर वावरले तरी त्यांची गाठ पडावयाची नाही. बचाव करणारा खेळाडू आपल्या उंटाच्या रंगाच्या घरांवर शत्रूची प्यादी रोखून धरतो. तेथे राजा आणि उंट मिळून असा तट उभारतात की, एक किंवा पुष्कळदा दोन प्यादी अधिक असूनही आक्रमकाला पुढे सरकता येत नाही. अशा अभेद्य बचावाला बुद्धिबळपटू ‘किल्ला’ म्हणतात.

यंत्राला हा किल्ला का दिसत नाही? यंत्र पुढच्या खेळ्यांचा वृक्ष तयार करते, काही खोलीवर थांबते आणि तेथील स्थितीला गुण देते. बरोबरी सिद्ध करणारा नियम असा की, दोन्ही बाजूंच्या पन्नास पन्नास खेळ्यांत एकही प्यादे हलले नाही वा एकही मोहरा मारला गेला नाही तर बरोबरीचा दावा करता येतो. या शंभर खेळ्यांचा शेवट यंत्राच्या दृष्टीपलीकडे राहतो. अलीकडे पाहावे तर मोहऱ्यांची आघाडी जशीच्या तशी कायम असते. म्हणून यंत्र दर खेळीला विजयाची ग्वाही देते आणि तो विजय कधीच येत नाही. माणूस येथे खेळ्या मोजीत बसत नाही. आत शिरावयास वाट नाही एवढे ओळखून तो मोकळा होतो.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ सर रॉजर पेनरोज यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने २०१७ साली असाच एक पट लोकांपुढे ठेवला. त्यात काळ्याकडे राजा, वजीर, दोन हत्ती, पाच प्यादी आणि एकाच रंगाच्या घरांतून फिरणारे तीन उंट आहेत. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. त्या वेळच्या इंजिनांचा कौल काळ्याकडे फार मोठ्या फरकाने पडला. वस्तुतः काळ्याचा राजा, वजीर व हत्ती प्याद्यांच्या कोंडीत अडकलेले असून फक्त उंटांनाच हालचाल करता येते. तिन्ही उंट काळ्या घरांतले. पांढऱ्याची चारही प्यादी पांढऱ्या घरांत. राजाने पांढऱ्या घरांतून संथपणे येरझाऱ्या घातल्या की त्याला शह देणेही अशक्य. हत्ती मारण्याचा मोह आवरला, म्हणजे पुरे. तो मारला तर तट फुटतो आणि कोंडलेले सैन्य बाहेर पडते. पेनरोज यांनी १९९४ सालच्या आपल्या एका ग्रंथात अशाच दुसऱ्या एका पटाचे उदाहरण दिले होते. तेथे ‘डीप थॉट’ या यंत्राने तो हत्ती मारला आणि आपणच आपला तट पाडला.

या दोषावर उपायही झाले. विरुद्ध रंगांचे उंट असतील तर आघाडीचा गुण कमी धरावा, असे नियम इंजिनांत घातले गेले. थोड्या मोहऱ्यांच्या सर्व स्थिती सोडवून त्यांचे कोश तयार करण्यात आले. सात मोहऱ्यांचा असा कोश २०१२ साली मॉस्को विद्यापीठात पूर्ण झाला. कोपऱ्याच्या प्याद्याचा प्रश्न आता चुटकीसरशी सुटतो. ‘स्टॉकफिश’ या इंजिनात २०२० पासून असंख्य डावांवरून शिकलेली यंत्रणाही आली. परंतु पेनरोज यांच्या पटावर सतरा मोहरी आहेत. तेथवर कोणताही कोश पोहोचत नाही.

ठरीव नियमांवरही आंधळा विश्वास चालत नाही. १९९८ साली लिनारेस येथे टोपालोव्हविरुद्ध शिरोव्ह विरुद्ध रंगांच्या उंटांचा शेवट खेळत होता. दोन प्यादी अधिक असूनही जाणत्यांना बरोबरी दिसत होती. शिरोव्हने सत्तेचाळिसाव्या खेळीत आपला उंटच फुकट देऊ केला, राजाला पुढे जाण्यापुरता वेळ मिळविला आणि डाव जिंकला. उलट बाजूने, १९७२ साली रेक्याविक येथे स्पास्कीविरुद्ध पहिल्याच डावात, बरोबरीकडे झुकलेल्या उंटांच्या शेवटात, फिशरने उंटाने कडेचे प्यादे मारले. तो उंट कोंडला गेला आणि डाव हातचा गेला.

आज घरोघरी मुले यंत्रापुढे बसून बुद्धिबळ शिकतात, आणि पटाशेजारी झळकणारा आकडा हाच त्यांना अखेरचा निवाडा वाटतो. उणे चार दिसले की राखता येण्यासारखा डाव सोडून देणारा विद्यार्थी, आणि अधिक चार दिसले म्हणून चुकीच्या रंगाचा उंट ठेवून बाकीची मोहरी उत्साहाने बदलून टाकणारा विद्यार्थी, दोघेही सारखेच फसतात. शिक्षकांनी त्यांना एवढी सवय लावावी: आकडा वाचण्यापूर्वी उंट कोणत्या रंगाचा, प्यादे कोणत्या घरात वजीर होणार आणि शत्रूचा राजा तेथे वेळेवर पोहोचतो की नाही, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे देताना प्यादे, उंट आणि राजा यांवर प्रत्यक्ष बोट ठेवावे. मग यंत्राचे मत जरूर घ्यावे. तोवर ते तपासण्यापुरते ज्ञान त्यांच्याजवळ आलेले असेल.