पाण्यावाचून एलियन?

मागच्या भागानंतर लालबागहून एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला: "एलियनला पाणी लागतंच, हे ठरवलं कुणी? आपल्या नळावरून सगळं विश्व ओळखतोय का आपण?" प्रश्न झकास आहे.

कुलाब्याची टीआयएफआर माहितीये ना? डॉ. जयंत नारळीकर तिथे बरीच वर्षं होते. या संस्थेचं बलून केंद्र आहे हैदराबादला. एप्रिल २००५ मध्ये तिथून एक अजस्र फुगा सोडला, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणायला. प्रयोगाचे प्रमुख नारळीकर. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी ती हवा तपासली आणि त्यात तीन चक्क नवे जिवाणू निघाले! एकाला फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. ते अंतराळातूनच आले असं मात्र इस्रोने ठामपणे म्हटलं नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

आता गंमत बघा. इतक्या उंचीवर अतिनील किरणांचा मारा, कडाक्याची थंडी आणि द्रवरूप पाणी जवळपास नाहीच. तरी हे टिकले. मग पाणी लागत नाही?

थांबा. डब्यातले कडवे वाल आठवा. कोरडे असताना महिनोन्‌महिने गप्प पडून असतात. भिजत घातले की मोड येतात, मग बिरडं होतं! टिकणं वेगळं, वाढणं वेगळं. हे जिवाणूही वाढले ते प्रयोगशाळेत ओलं खाद्य मिळाल्यावरच.

मग पाण्याऐवजी दुसरं काही? शनीचा चंद्र टायटन, तापमान उणे १७९ अंश. तिथे पाऊसही मिथेनचा आणि तळीही मिथेनची. पण मिथेनमध्ये साधं मीठ विरघळत नाही, आणि त्या थंडीत रासायनिक क्रिया अगदी रेंगाळतात. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मिथेनमध्ये टिकेल असं पेशीचं आवरण संगणकावर मांडलं. त्याला लागणारा पदार्थ टायटनवर सापडलाही. पण २०२० मधल्या गणिताने सांगितलं, ते आवरण आपोआप बनणं कठीण.

म्हणजे मैत्रिणी, दार बंद नाही, पण आत कुणी दिसतही नाही. नासाचं ड्रॅगनफ्लाय यान २०२८ मध्ये टायटनकडे निघायचंय. ते शोधणार कुठे? मिथेनच्या तळ्यांत नाही, सेल्क नावाच्या विवरापाशी. उल्का आदळून तिथला बर्फ कधीतरी वितळला असावा, पाणी झालं असावं, म्हणून!