रसमाचे भांडे आणि लिंबाचे आम्ल



चेन्नईतील अनेक जुन्या तमिळ घरांत रसमासाठी एक निराळे भांडे राखून ठेवलेले असते. पांढुरक्या, मऊ धातूच्या या भांड्याला ‘ईय चोंबू’ म्हणतात. महाराष्ट्रात आंबट आमटी-सारासाठी कल्हईचे पितळी पातेले असे. प्रांत दोन, भांडी दोन. परंतु अन्नाला लागणारा धातू एकच, तो म्हणजे कथिल. ही निवड समजण्यासाठी आंबटपणाचे रसायन पाहावे लागते.

चिंचेचा आंबटपणा मुख्यत्वे टार्टारिक आम्लाचा, तर लिंबू आणि टोमॅटो यांचा सायट्रिक आम्लाचा. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले. त्याच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ७ अणू असतात. त्यांतील तीन कार्बॉक्सिल गट पाण्यात एकेक हायड्रोजन आयन सोडू शकतात. पहिला सहज सुटतो, तिसरा सर्वांत कष्टाने. म्हणून हे आम्ल सौम्य गणले जाते. तरीही रसात त्याचे प्रमाण शेकडा ५ ते ६ असल्याने लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ इतका खाली येतो. उकळल्याने हे आम्ल वाफेबरोबर उडून जात नाही. लिंबू रसमात रस शेवटी पिळतात तो सुगंध टिकावा म्हणून; आंबटपणा तसाही टिकतोच.

हायड्रोजन सोडल्यावर उरणारा सायट्रेट आयन धातूच्या आयनाला अनेक बाजूंनी धरतो. लिंबाने घासलेला तांब्या उजळतो तो यामुळेच. पृष्ठभागावरील ऑक्साइड विरघळून रसात उतरते. बाहेरून घासताना जी स्वच्छता ठरते, तीच क्रिया भांड्याच्या आत घडली की धातू अन्नात येतो. बिनकल्हईच्या पितळेत ठेवलेले ताक किंवा सार ‘कळकते’ असे जुन्या पिढीतील स्त्रिया म्हणत, तो हाच प्रकार. कथिलावर आम्लाचा परिणाम फार सावकाश होतो. म्हणून कल्हई झिजली की कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई.

ईय चोंबू मात्र संपूर्ण कथिलाचा. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. आत रसम असेपर्यंत उकळते पाणी भांड्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास राखते. रिकामे भांडे चुलीवर राहिले तर ते वितळते.

यापेक्षा मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. तमिळमध्ये कथिलाला ‘वेळ्ळीयम’ म्हणजे पांढरे ईयम, तर शिशाला ‘कारीयम’ म्हणजे काळे ईयम म्हणतात. नावाने जवळचे असलेले हे धातू गुणाने फार दूरचे आहेत. भांड्यात शिशाची भेसळ असेल, तर आंबट रसमात तेही उतरते. शिसे बालकांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे, आणि त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा ज्ञात नाही. शिसे कथिलाहून पुष्कळ जड असते, घनता ११.३ विरुद्ध ७.३. परंतु थोडी भेसळ हाताच्या अंदाजाने कळत नाही. चेन्नईत स्थायिक होऊन हौसेने चोंबू घेणाऱ्या मराठी कुटुंबाने तो प्रयोगशाळेत तपासून घेतल्यावरच चुलीवर ठेवावा. जुना, वारशाने आलेला चोंबूही याला अपवाद नाही.

सायट्रेटची हीच पकड अन्यत्र प्राण वाचवते. रक्त गोठण्यास कॅल्शियमचे आयन लागतात. सायट्रेट त्यांना बांधून ठेवतो, म्हणून रक्तपेढीतील पिशवीतले रक्त द्रवरूप राहते. १९१४ पासून रक्तसंक्रमणात त्याचा उपयोग होत आला आहे.

रेणू तोच आणि त्याचा स्वभावही तोच; तो कोणत्या धातूला धरतो, यावर हित की अहित हे ठरते. आंबट पदार्थ कशात ठेवावा, हा घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न म्हणूनच रसायनशास्त्राचाही आहे. मुलांनी तो विचारला, तर त्याचे उत्तर स्वयंपाकघरातच दाखवता येईल: एक काळवंडलेला तांब्या आणि अर्धे लिंबू एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे.