चौदावा दिवस



घरातील कर्ता माणूस गेला, की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी पाहुणे परततात आणि खरी परीक्षा सुरू होते. सकाळी चहाचे आधण ठेवताना पाणी किती कप घ्यावे, एवढ्या साध्या प्रश्नापाशी हात थबकतो. अशा वेळी श्रद्धा माणसाला काय देते, हे रमाबाई रानडे यांच्या जीवनात पाहावे.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी स्वतः त्यांना शिकवण्यास प्रारंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. दिवसा घरकाम आणि टोमणे, रात्री धडा, असा क्रम चालला. रमाबाईंनी वडिलांचा मान राखला आणि धडाही सोडला नाही. पहाटे न्यायमूर्तींच्या मुखी तुकोबांचे अभंग असत. त्या घरातील श्रद्धा अशी रोजच्या नेमात मुरलेली होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. पोटी अपत्य नव्हते. मुंबईचा संसार आवरून त्या पुण्याच्या घरी परतल्या आणि बराच काळ लोकांत मिसळल्या नाहीत. थोरांच्या चरित्रातील हे मौन आपण घाईने ओलांडतो. वास्तविक तेही समजून घ्यावे. श्रद्धावंतालाही दुःख होते आणि त्याला आपला वेळ द्यावाच लागतो.

त्यानंतर त्या कारागृहातील स्त्रियांची विचारपूस करू लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य उभे राहिले. विधवा आणि गृहिणी तेथे लिहा-वाचायला शिकल्या, शिवणकाम शिकल्या आणि पुढे रुग्णसेवेचे शिक्षणही घेऊ लागल्या. परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे घरंदाज स्त्रीला कमीपणाचे मानले जाई, तो हा काळ. १९१० साली रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या. १९२४ साली देह ठेवीपर्यंत त्यांचे कार्य चालू होते.

सेवासदनातील पाटीवर उमटलेले प्रत्येक अक्षर म्हणजे रात्रीच्या त्या धड्याचाच विस्तार होता. शिकवणारा गेला, शिकवणे थांबले नाही. पतीचे स्मरण त्यांनी असे रोजच्या कामात जागते ठेवले.

आपल्या परिचयातील एखाद्या घरात आज चौदावा दिवस उजाडला असेल. तेथे जाऊन उपदेश करू नये. थोडा वेळ शेजारी बसावे. पुढे केव्हातरी, योग्य वेळ पाहून, हलकेच विचारावे, “त्यांचे कोणते काम अर्धे राहिले आहे?” आणि उत्तर मिळाले, तर त्या कामाला आपलाही हात लावावा.