हजेरीचे यंत्र बसण्याआधी

(हॉटेल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



तुमच्या व्यवस्थापनाने पाळ्या, हजेरी आणि ओव्हरटाइम संगणकावर घ्यायचे ठरवले आहे, म्हणून तुम्ही आम्हा रेल्वेवाल्यांना बोलावलेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. संगणक आम्ही बनवला नाही, पण तो आमच्यावर चालवला गेला आहे, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

आमच्या ड्रायव्हर-गार्डांची ड्युटी पूर्वी लॉबीतल्या रजिस्टरात लिहिली जाई. पुढे क्रू मॅनेजमेंट सिस्टिम आली आणि साइन-ऑन, साइन-ऑफ यंत्रावर होऊ लागले. खरे सांगायचे तर रजिस्टरातली खाडाखोड त्यामुळे अवघड झाली, आणि ते बरेच झाले. भांडण निराळे होते. ड्युटी मोजायची कुठून? साइन-ऑनपासून की गाडी सुटल्यापासून? हे यंत्र ठरवत नाही. त्यात नियम भरणारा ठरवतो. आमच्या हातात निदान कायद्याचा कागद होता. १९८९ च्या रेल्वे कायद्यात 'कंटिन्युअस' वर्गाला दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दर आहे.

आता तुमच्याकडे या. एका हॉटेलातल्या वेटरांनी आम्हाला पगारचिठ्ठ्या दाखवल्या. यंत्रात रोज अर्धा तास जेवणाची सुट्टी आपोआप वजा होत होती. बँक्वेटच्या दिवशी कोणी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, कोणी तेही नाही, पण अर्धा तास गेलाच. महिन्याचे २६ दिवस धरा, १३ तास झाले! मॅनेजर म्हणाला, सॉफ्टवेअरच तसे आहे. अहो, सॉफ्टवेअर तसे नसते, तसे करून घेतलेले असते. त्या खिडकीत एक खूण काढली की वजावट थांबते.

तसेच पंधरा मिनिटांच्या हिशेबाचे. आठ मिनिटे उशीर झाला तर पंधरा कापायची, आणि रात्री चौदा मिनिटे जास्त थांबलात तर शून्य. गोल करायचे तर दोन्हीकडे सारखे करा, नाहीतर मिनिटाला मिनिट मोजा. ब्रेक शिफ्टवाल्यांचे दुखणे आणखी वेगळे. सकाळचे चार तास, संध्याकाळचे चार तास, मधला वेळ ना घरचा ना कामाचा. यंत्राला तो वेळ दिसतच नाही, म्हणून सकाळी आल्यापासून रात्री सुटेपर्यंतचा एकूण पसारा वेगळ्या रकान्यात मागा.

हजेरीची नोंद बदलण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच विचारा. बदलली तर कोणी, केव्हा, का, हे यंत्रात राहिले पाहिजे आणि कामगाराला दिसले पाहिजे. पाळीपत्रक निदान आठवडाभर आधी लागावे. बुकिंग कमी दिसले की संगणक माणसे कमी करायला सांगतो, मग सकाळी आलेल्याला परत पाठवतात. त्याच्या बसभाड्याचे आणि बुडालेल्या रोजाचे काय, हे लेखी घ्या. आणि लग्नसराईत ठेकेदारामार्फत येणारी मुले त्या यादीत आहेत का? नसतील तर त्यांचे तास कुठेच मोजले जाणार नाहीत, आणि उद्या तुमची जागा त्यांच्याकडूनच भरली जाईल.

कामाचे तास, विश्रांती, पाळ्या यांत कामगाराला बाधेल असा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते कलम ९-अ होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. यंत्र बसवणे ही केवळ ऑफिसची बाब आहे असे कोणी म्हणाले, तर हे कलम पुढे करा. पहिला एक महिना जुने रजिस्टर आणि नवे यंत्र दोन्ही चालू द्या, पगार रजिस्टरावरच काढा आणि फरक युनियनसमोर मांडा.

तुमची बैठक परवा आहे असे कळले. चहाच्या वेळी गेल्या महिन्याच्या चिठ्ठ्या आणि ज्यांच्याकडे असतील त्यांनी आपल्या डायऱ्या या टेबलावर आणाव्यात. चार-पाच जणांचे तास आपण हातानेच मांडून पाहू.